खेळाची मजुरी

दिवाळी सरली आणि धानाची कापणी उरकत आली, की लाखनीच्या आसपासच्या गावांत मंडईचे दिवस सुरू होतात. दिवसा बाजार, रात्री दंडार किंवा नाटक, आणि त्याच सुमारास शाळेच्या पटांगणात नाहीतर कापणी झालेल्या बांधीत आखलेल्या मैदानावर कबड्डीचे सामने. याच दिवसांत पहाटे रायपूर-नागपूर महामार्गाच्या कडेने तरुण पोरे घोळक्याने धावताना दिसतात. पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेत सोळाशे मीटरची दौड असते; तिची ती तयारी. रात्री कबड्डी खेळणारा आणि पहाटे धावणारा पुष्कळदा एकच असतो. महाराष्ट्र शासनाने 2005 साली सरकारी नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवल्या. तेव्हापासून भंडारा जिल्ह्यातील मुलाच्या दृष्टीने खेळाचे मोल एका कागदात येऊन साठले आहे. तो कागद म्हणजे स्पर्धेचे प्रमाणपत्र. खेळ ही शिडी, नोकरी हे घर. घरात शिरल्यावर शिडीची आठवण ठेवण्याचे कारण उरत नाही. या कागदाला इतके मोल चढले, की बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आली.

दुसरीकडे वर्तमानपत्रांतून लिलावाचे आकडे झळकत असतात. 2014 साली व्यावसायिक कबड्डीची स्पर्धा सुरू झाली आणि 2019 च्या लिलावात कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई या चढाईपटूला 1 कोटी 45 लाख रुपयांची बोली लागली. एका शेतकरी कुटुंबातील मुलाच्या अंगच्या गुणाला एवढा भाव मिळाला, याचा आनंद कोणालाही वाटावा. परंतु कोट्यवधींची बोली आणि पाच टक्क्यांचे प्रमाणपत्र या दोन टोकांच्या मध्ये हजारो खेळाडू उभे आहेत. ते इतके चांगले खेळतात की खेळ हेच त्यांचे काम होते. पण इतके नव्हे की त्यांचे नाव घरोघरी पोचावे. त्यांच्या आयुष्याचा हिशेब कोणी मांडत नाही. एखाद्या समाजाने खेळाची व्यवस्था न्याय्य केली आहे की नाही, हे विजेत्याच्या मिरवणुकीवरून कळत नाही. ते या मधल्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसावरून कळते. कारखान्याची पारख जशी मालकाच्या बंगल्यावरून होत नाही, तशीच ही गोष्ट आहे.

एक कारकीर्द

हिशेब मांडण्यासाठी फार दूर जायला नको. लाखनीहून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या नागपुरात फैज फझल या डावखुऱ्या सलामीच्या फलंदाजाने वीस वर्षे क्रिकेट खेळण्याचे काम केले. ‘काम’ हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. 1985 साली जन्मलेल्या या खेळाडूने 2003 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, विदर्भाकडून प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले आणि पहिल्याच सामन्यात 151 धावा काढल्या. विदर्भाचा संघ त्या वेळी रणजी करंडकातील दुबळ्या संघांत मोजला जाई. 1957-58 च्या हंगामापासून हा संघ स्पर्धेत होता, पण अजिंक्यपद म्हणजे मुंबई, कर्नाटक, दिल्ली यांची मिरासदारी, अशीच समजूत होती. दुबळ्या संघातील चांगल्या खेळाडूची अडचण दुहेरी असते. त्याच्या धावा निवड करणाऱ्यांच्या नजरेस पडत नाहीत, आणि पडल्या तरी त्यांचे वजन कमी धरले जाते.

अशा स्थितीत तेरा वर्षे गेली. 2016 च्या मार्च महिन्यात इराणी करंडकाच्या सामन्यात शेष भारताने मुंबईविरुद्ध 480 धावांचे लक्ष्य गाठले, त्या पाठलागात फझल यांचे शतक होते. त्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या ईशान्य भागात, डरहॅमच्या कोळसा पट्ट्यातील हेटन लायन्स या क्लबकडून ते स्थानिक साखळीचे सामने खेळत होते. तेथेच त्यांना भारतीय संघात निवड झाल्याचा निरोप मिळाला. 15 जून 2016 रोजी हरारे येथे झिम्बाब्वेविरुद्धच्या तिसऱ्या एकदिवसीय सामन्यात ते सलामीला आले. प्रतिस्पर्ध्यांचा डाव 123 धावांत आटोपला होता. भारताने दहा गडी राखून सामना जिंकला. फझल नाबाद 55. भारताच्या राष्ट्रीय संघाकडून खेळलेला त्यांचा हा पहिला सामना, आणि शेवटचाही.

येथे वर्तमानपत्री लेखणी हमखास हळहळते आणि थांबते. दैवाने एक दिवस दिला आणि काढून घेतला, असे म्हटले की लेख पुरा होतो. वस्तुतः खरी गोष्ट तेथूनच पुढे सुरू होते. हा खेळाडू नागपूरला परतला आणि काम करीत राहिला. 2017-18 च्या हंगामात कर्णधार या नात्याने त्यांनी 912 धावा काढल्या. चंद्रकांत पंडित यांच्यासारखा कडक शिस्तीचा प्रशिक्षक, वसीम जाफर यांच्यासारखा अनुभवी फलंदाज, रजनीश गुरबानी हा अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेला वेगवान गोलंदाज, अशा संघाने इंदूरच्या अंतिम सामन्यात 1 जानेवारी 2018 रोजी दिल्लीला हरवले. साठ वर्षांत प्रथमच रणजी करंडक विदर्भात आला. पुढच्या हंगामातही फझल यांच्याच नेतृत्वाखाली नागपूरजवळच्या जामठ्याला सौराष्ट्राचा पराभव करून विदर्भाने तो राखला. नऊ हजारांहून अधिक प्रथमश्रेणी धावा करून फेब्रुवारी 2024 मध्ये ते नागपुरातच निवृत्त झाले. त्यानंतर वर्षभराने, 2025 च्या मार्चमध्ये, केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. भिंत एकाने रचली आणि त्या भिंतीवर माळा दुसऱ्यांनी चढविला, असा हा प्रकार आहे. अशी भिंत रचणाऱ्याला आपण कोणत्या हिशेबाने मजुरी देतो, हा प्रश्न आहे.

हेटनचा धडा

हिशेब समजून घ्यायचा तर आधी हेटनकडे पुन्हा वळले पाहिजे. इंग्लंडमधील कोळशाच्या खाणीभोवती वाढलेल्या वस्तीतील क्लब नागपूरच्या खेळाडूला पैसे देऊन का बोलावतो? याचे कारण असे, की तेथे खेळाडूने मजुरी घेणे ही लाजिरवाणी गोष्ट राहिलेली नाही. मैदानावर खेळावे, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी वस्तीतील मुलांना शिकवावे, आणि त्याचे ठरलेले पैसे घ्यावेत, असा सरळ व्यवहार तेथे असतो. हेटनची खाण 1950 साली बंद झाली, क्लब मात्र राहिला. याच हेटनमध्ये 1919 साली एका खाणकामगाराच्या घरी बॉब पेस्ली जन्मले. पुढे ते लिव्हरपूल फुटबॉल संघाचे व्यवस्थापक झाले आणि त्यांनी युरोपचा सर्वोच्च करंडक तीन वेळा जिंकला. विदर्भाच्या वाचकाला येथे वलनी आठवेल. नागपूरजवळच्या खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा उमेश यादव पोलीस भरतीत थोडक्यात हुकला, क्रिकेटकडे वळला आणि 2011 साली विदर्भाचा पहिला कसोटी खेळाडू झाला. दोन देशांतील दोन खाणी, आणि खाणकामगारांच्या घरी उपजलेले गुण तेच. फरक पडला तो त्या गुणांना सांभाळणाऱ्या व्यवस्थेत.

ती व्यवस्था इंग्लंडला देवाने दिलेली नाही. ती कामगारांनी टप्प्याटप्प्याने मिळविली, आणि तिचा इतिहास क्रिकेटपेक्षा फुटबॉलमध्ये अधिक स्पष्ट दिसतो. 1850 च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रियांचे व अल्पवयीनांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबविले. गिरणी चालवणे त्यांच्यावाचून शक्य नसल्यामुळे पुरुषांनाही अर्धी सुट्टी मिळू लागली. शनिवारी दुपारी तीन वाजता फुटबॉलचा सामना सुरू करण्याची प्रथा या अर्ध्या सुट्टीतून आली. म्हणजे जगातील सर्वांत लोकप्रिय खेळाचे वेळापत्रक कामगार कायद्याने ठरविले आहे. लँकेशायरच्या ज्या गिरण्यांना अमेरिकेतील यादवीच्या काळात वऱ्हाडचा कापूस पुरविला गेला, त्यांच्याच मुलखातील ब्लॅकबर्न ऑलिंपिक या कामगारांच्या संघाने 1883 साली उमरावांच्या शाळेतून बाहेर पडलेल्या ‘ओल्ड इटोनियन्स’ना हरवून राष्ट्रीय करंडक उत्तरेत नेला. कामगार खेळाडू छुपेपणाने पैसे घेतात, अशी ओरड तेव्हा सुरूच होती. ज्यांना जमिनीच्या खंडावर जगता येते त्यांनी हौसेचे तत्त्वज्ञान सांगावे आणि ज्याचा दिवसाचा रोज बुडतो त्याने ते ऐकावे, असा तो वाद होता. 1885 साली संघटकांना व्यावसायिक खेळाडू मान्य करावा लागला.

तथापि मजुरी मान्य झाली म्हणून न्याय मिळाला नाही. 1901 साली आठवड्याला चार पौंड अशी कमाल वेतनाची मर्यादा घालण्यात आली. किमान वेतनासाठी कामगार झगडत असताना खेळाडूला कमाल वेतन लावले गेले, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. शिवाय करार संपला तरी जुन्या क्लबच्या संमतीवाचून खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. 1907 साली मँचेस्टरमध्ये खेळाडूंची संघटना स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत बिली मेरेडिथ हा वेल्सचा विख्यात खेळाडू अग्रभागी होता. त्याने लहानपणी कोळशाच्या खाणीत काम केलेले होते. संघटनेला खेळाडूंची एकजूट उभी करण्यास अर्धे शतक लागले. जिमी हिल यांच्या अध्यक्षतेखाली संपाची तयारी झाली, तेव्हा जानेवारी 1961 मध्ये वीस पौंडांवर पोचलेली ती कमाल मर्यादा रद्द झाली. 1963 साली जॉर्ज ईस्टहॅम याच्या खटल्यात न्यायालयाने करार संपलेल्या खेळाडूला बांधून ठेवण्याची पद्धत अन्याय्य ठरविली. 1995 साली बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉसमान याच्या दाव्यात युरोपच्या न्यायालयाने, करार संपला की खेळाडू मोकळा, हे तत्त्व प्रस्थापित केले. बॉसमान हाही मधल्या पायरीवरचाच खेळाडू होता. त्याने मिळविलेल्या हक्कावर पुढे मोठमोठ्या खेळाडूंनी कोट्यवधी कमावले.

आज इंग्लंडच्या पहिल्या चार श्रेणींत 92 क्लब आहेत. त्यांपैकी वीस क्लब जगभर दूरदर्शनवर दिसतात. उरलेल्या बहात्तरांतील खेळाडूंची नावे त्यांच्या गावाबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसतात. सोळाव्या वर्षी उमेदवारी, अठराव्या वर्षी निवड किंवा घरी रवानगी, नंतर एक-दोन वर्षांचे करार, मध्येच दुसऱ्या क्लबकडे उसनवारीवर पाठवणी, गुडघ्याची दुखापत, आणि दर उन्हाळ्यात प्रसिद्ध होणारी ‘ठेवले’ आणि ‘सोडले’ अशी यादी, हे त्यांचे आयुष्य. पस्तिशीत पोचेपर्यंत खेळ संपतो आणि हातात दुसरे कौशल्य नसते. हे चित्र रम्य म्हणता येणार नाही. तरीही त्या खेळाडूच्या हाती तीन गोष्टी असतात. एक लेखी करार. दुसरी, मोडल्यास दाद मागण्याची जागा. तिसरी, खेळत असतानाच सभासद होता येईल अशी संघटना. 2019 च्या ऑगस्टमध्ये बरी हा सव्वाशे वर्षांहून जुना क्लब आर्थिक दिवाळखोरीपायी साखळीतून काढून टाकण्यात आला, तेव्हा पगार थकलेल्या खेळाडूंच्या मदतीला त्यांची संघटना उभी राहिली होती.

मालक कोण, याला येथे फारसे महत्त्व नाही. 2010 साली त्याच ब्लॅकबर्न शहरातील रोव्हर्स हा क्लब पुण्याच्या वेंकीज या कुक्कुटपालन उद्योगसमूहाने विकत घेतला. 2012 साली तो पहिल्या श्रेणीतून खाली आला आणि 2017 साली तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरला. शहरात मालकांविरुद्ध निदर्शने झाली. पण भांडवल पुण्याचे आले म्हणून तेथील खेळाडूचा लेखी करार किंवा संघटनेचे सभासदत्व नाहीसे झाले नाही. महाराष्ट्राचे भांडवल लँकेशायरमध्ये गेले, की ते खेळाडूशी लेखी करार करते, संघटनेशी बोलते आणि नियम पाळते. महाराष्ट्रातच असताना असे नियम त्याच्यापुढे कोणी ठेवलेले नाहीत. दोष एखाद्या मालकाच्या स्वभावाचा नाही. नियम घडविणारी श्रमिक शक्ती एका ठिकाणी आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढाच याचा अर्थ.

नोकरीकडून रोजंदारीकडे

आपल्याकडे खेळाडूच्या पोटाचा प्रश्न जुन्या काळी वेगळ्या रीतीने सुटला होता. रेल्वे, बँका, पोलीस, विमा महामंडळ, टाटा, मफतलाल, एअर इंडिया, महिंद्र अशा आस्थापनांचे संघ असत. खेळाडू हा त्या आस्थापनेच्या हजेरीपटावरचा नोकर असे. सकाळी सही करावी, दुपारी सरावाला जावे, हंगाम संपला की टेबलाशी बसावे. पद्माकर शिवलकर यांनी प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये 589 बळी घेतले आणि त्यांना एकदाही भारताकडून कसोटी खेळता आली नाही. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासच्या मैदानावर त्यांनी दोन डावांत मिळून तेरा गडी बाद केले. त्या पिढीला सामन्याचे मानधन नाममात्र मिळे. घर चालत असे ते नोकरीवर. 2025 च्या मार्चमध्ये शिवलकर निवर्तले, तेव्हा त्यांच्यावर लिहिले गेलेले बहुतेक लेख दैवाविषयी होते. त्या पिढीचे पोट कशावर चालले, याविषयी फार थोडे लिहिले गेले.

या जुन्या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तिच्यात मालकाची मर्जी होती, वशिला होता, आणि ती मुख्यतः मुंबईसारख्या शहरांपुरती होती. लाखनीच्या मुलाला तिचे दार सहसा दिसत नसे. परंतु तिने खेळाडूला भविष्यनिर्वाह निधी, आजारपणाची रजा आणि अठ्ठावन्न वर्षांपर्यंतची निश्चिती दिली. ही व्यवस्था हळूहळू मोडली. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईच्या कापडधंद्याचा कणा मोडला; गिरण्यांबरोबर गिरणगावातील व्यायामशाळांचा, कबड्डी संघांचा आणि गिरण्यांच्या खेळ पथकांचा आधारही गेला. खासगीकरणाच्या आणि भरतीबंदीच्या धोरणाने सार्वजनिक क्षेत्रातील खेळाडूंच्या जागा आटल्या. 2005-06 साली राष्ट्रीय फुटबॉल साखळी जिंकणारा महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ 2010 साली मालकांनी एका निर्णयासरशी बंद केला. जो संघ अजिंक्य होता तोही वाचला नाही. मग तळाच्या संघांची काय कथा?

नोकरी गेली, तिच्या जागी आली रोजंदारी. हा शब्द अतिशयोक्तीचा वाटेल म्हणून आकडेच पाहावेत. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने सप्टेंबर 2021 मध्ये जाहीर केलेल्या दरानुसार रणजी खेळाडूला सामन्याच्या दर दिवसाला मानधन मिळते. चाळीसहून अधिक सामने खेळलेल्यास 60 हजार, एकवीस ते चाळीस सामने खेळलेल्यास 50 हजार, त्याहून कमी असल्यास 40 हजार रुपये. राखीव खेळाडूस याच्या निम्मे. साखळीचे सात सामने, प्रत्येकी चार दिवस, म्हणजे अठ्ठावीस दिवसांचे काम. नव्या खेळाडूने सातही सामने खेळले तर 11 लाख 20 हजार रुपये. तोच राखीव राहिला तर 5 लाख 60 हजार. आणि हंगामाच्या आरंभी बोट मोडले तर सामन्याच्या मानधनाचे खाते रिकामे. एकदिवसीय आणि वीस षटकांच्या सामन्यांचे मानधन वेगळे मिळते, पण त्याचेही तत्त्व तेच. मैदानावर उतराल तर पैसे. बांधकामाच्या नाक्यावर उभ्या असलेल्या मजुराचा दर लहान असतो आणि याचा मोठा, एवढाच फरक. नात्याचे स्वरूप एकच आहे.

या नात्याची कसोटी 2020-21 साली लागली. 1934 साली सुरू झालेली रणजी स्पर्धा महासाथीमुळे प्रथमच भरली नाही. वर्षभराचा करार कोणाशीच नसल्यामुळे देशातील शेकडो खेळाडूंचे त्या हंगामाचे रणजी मानधन शून्यावर आले. मंडळाने भरपाई जाहीर केली ती सप्टेंबर 2021 मध्ये, आणि तीही आधीच्या हंगामातील मानधनाच्या पन्नास टक्क्यांच्या प्रमाणात. भरपाई मिळाली हे खरे. पण ती हक्क म्हणून मिळाली नाही, कृपा म्हणून मिळाली. हक्काची तारीख ठरलेली असते, कृपेची नसते.

फुटबॉलमध्ये 2025 साली याहून कठीण प्रसंग आला. देशातील प्रमुख साखळीच्या व्यापारी हक्कांच्या कराराचा तिढा सुटेना म्हणून जुलै महिन्यात आगामी हंगाम स्थगित ठेवण्यात आला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबविले. राष्ट्रीय संघातील खेळाडूंनाही आपले काम पुन्हा केव्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. करार दोन बड्या पक्षांमधला, आणि त्याच्या अनिश्चिततेचा भार ज्यांची त्या करारावर सही नाही त्यांच्या शिरावर, हे दृश्य कामगार चळवळीतील कार्यकर्त्याला नवे वाटणार नाही.

एका आक्षेपाचा विचार

येथे कोणी विचारील, की वर्षाला दहा-पंधरा लाख मिळविणाऱ्या माणसाची चिंता समाजवाद्यांनी का वाहावी? ज्या तालुक्यात धानाला हमीभाव मिळावा म्हणून शेतकरी खरेदी केंद्रासमोर दिवसेंदिवस थांबतो, तेथे हा प्रश्न रास्त आहे. तो टाळून चालणार नाही.

त्याचे उत्तर तीन भागांत द्यावे लागेल. पहिले असे, की ही कमाई वर्षाची नसून आयुष्याची म्हणून मोजली पाहिजे. पंधराव्या वर्षापासून शिक्षण बाजूला सारून उमेदवारी करायची, पंचविशीत संघात स्थान मिळवायचे आणि पस्तिशीत बाहेर पडायचे, म्हणजे मिळकतीची वर्षे आठ-दहा. ती पुढच्या तीस वर्षांत वाटून पाहिली की आकडा खूप खाली येतो. आणि संघात स्थान मिळविणाऱ्या एकामागे उमेदवारीतच गळून पडलेले दहाजण असतात, त्यांच्या वाट्याला तेवढेही येत नाही.

दुसरे असे, की मजुरीचा विचार निर्माण होणाऱ्या संपत्तीच्या संदर्भात करावा, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. 2023 ते 2027 या पाच हंगामांसाठी आयपीएलचे प्रक्षेपण हक्क 48 हजार 390 कोटी रुपयांना विकले गेले. ही स्पर्धा ज्या शेतात पिकते ते शेत म्हणजे रणजी, जिल्हा आणि तालुका पातळीवरचे क्रिकेट. पीक काढणाऱ्याला लिलावात भाव मिळतो. शेत राखणाऱ्याला रोज मिळतो. वरकड मूल्य कोठे निर्माण होते आणि कोठे साठते, हा जुना प्रश्न येथे अगदी ताज्या रूपात उभा आहे.

तिसरे कारण सामाजिक उपयुक्ततेचे आहे. अमोल मुझुमदार यांनी मुंबई, आसाम आणि आंध्र या संघांकडून 171 प्रथमश्रेणी सामन्यांत 11,167 धावा केल्या आणि भारताच्या संघात त्यांना एकदाही स्थान मिळाले नाही. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक तेच होते. मधल्या पायरीवर वीस वर्षे काढलेल्या माणसाजवळ खेळाचे जे ज्ञान साठते, ते लाटेवर स्वार झालेल्या ताऱ्याजवळ असेलच असे नाही. हे ज्ञान सार्वजनिक धन आहे. फझल यांच्यासारख्यांची पिढी निवृत्त होत असताना ते विदर्भाच्या तालुक्यांपर्यंत पोचविण्याची योजना कोणापाशी आहे?

करावयाचे काय?

मंडळाने जुन्या प्रथमश्रेणी खेळाडूंना निवृत्तिवेतन सुरू केले आणि 2022 साली त्यात वाढ केली, हे चांगलेच झाले. न्यायमूर्ती लोढा समितीच्या शिफारशींतून 2019 साली क्रिकेटपटूंची संघटनाही अस्तित्वात आली. परंतु तिचे सभासदत्व निवृत्त खेळाडूंपुरते ठेवण्यात आले. गिरणीत काम करीत असेपर्यंत युनियनमध्ये येऊ नये, निवृत्त झाल्यावर यावे, असा नियम कोणी केला असता तर कामगारांनी तो हसून फेकून दिला असता. खेळाडूंच्या बाबतीत तो मुकाट्याने मान्य झाला. फुटबॉलपटूंनी 2006 साली बायचुंग भुतिया यांच्या पुढाकाराने खेळणाऱ्यांची संघटना स्थापली होती. तिला कामगार चळवळीचे पाठबळ मिळाले नाही, हा दोष आपल्याकडेही येतो. ‘खेळ म्हणजे करमणूक’ असे म्हणून आपण या क्षेत्राकडे पाठ फिरविली आणि ते व्यापाऱ्यांच्या हाती सोडले.

मागण्या अवघड नाहीत. राज्य संघात निवडलेल्या प्रत्येकाशी, राखीव खेळाडूंसह, वर्षभराचा लेखी करार असावा आणि त्यात किमान वेतनाची हमी असावी. दुखापतीच्या काळात ते वेतन चालू राहावे. खेळणाऱ्यांना संघटना करण्याचा आणि सामूहिक वाटाघाटींचा हक्क मान्य व्हावा. प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा जिल्हा व तालुका पातळीवरील खेळांसाठी, केवळ क्रिकेटसाठी नव्हे तर कबड्डी, खो-खो, फुटबॉल यांसाठीही, सार्वजनिक निधीत जमा व्हावा. आणि निवृत्त खेळाडूंना शाळा-महाविद्यालयांत नियमित वेतनश्रेणीवर नेमावे. प्रमाणपत्राने पोलिसाची नोकरी द्यावी हे ठीकच. पण खेळ शिकविण्याची नोकरी निर्माण करावी, हे अधिक शहाणपणाचे.

मुंबईत आणि दिल्लीत या मागण्या पुढे जातील तेव्हा जातील. लाखनीच्या कार्यकर्त्याने मात्र त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. तालुका क्रीडा संकुलांची योजना शासनाच्या कागदोपत्री आहे. आपल्या तालुक्यात त्या योजनेतील मैदान कोणत्या अवस्थेत आहे, ते सकाळ-संध्याकाळ उघडे असते की कुलूपबंद, तेथे पगारी प्रशिक्षक आहे की नाही, मुलींना तेथे खेळता येते की नाही, आणि आसपासच्या शाळांत शारीरिक शिक्षणाची किती पदे भरलेली आहेत, याची पाहणी चार कार्यकर्ते आठवडाभरात करू शकतात. गडेगावच्या मोटार कारखान्यात आणि जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत कामगार संघटनांना एवढेच विचारावे, की तुमच्या वस्तीतील मुलांच्या मैदानाचा प्रश्न तुम्ही मागण्यांच्या यादीत कधी घातला होता काय?

हेटनची खाण बंद होऊन पाऊणशे वर्षे झाली. पण खाणकामगारांनी उभे केलेले मैदान तेथे राहिले, आणि म्हणूनच 2016 च्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका खेळाडूला तेथे काम मिळू शकले. मंडई उठते, मैदानावरचे खांब काढले जातात आणि त्या बांधीत पुन्हा नांगर फिरतो. महामार्गाच्या कडेने पहाटे धावणाऱ्या मुलांतील बहुतेक भरतीत मागे राहतील, हे जागांचा हिशेबच सांगतो. मागे राहिलेल्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी कोणत्या मैदानावर जायचे, याचे उत्तर शोधणे हे राजकारणच आहे, आणि ते लाखनीतच करावयाचे आहे.